आफ्रिका उघडी ठेवू का?

उत्तमचंद घरात मारवाडी बोलत, दुकानात अहिराणी बोलत आणि वाचत मात्र मराठी. बोलण्यापेक्षा वाचणं जास्त होई. शहाद्याच्या बाजारपेठेतलं कापडाचं दुकान आता मुलगा रिषभ सांभाळत होता. उत्तमचंद गादीच्या कोपऱ्यात, खाकी ड्रिलच्या थानांना पाठ टेकून, वाचनालयातून आणलेलं पुस्तक मांडीवर घेऊन बसत. गिऱ्हाईक आलं की पुस्तक मिटून ठेवत आणि गिऱ्हाईक त्यांच्याशी न बोलता रिषभकडे गेलं की पुन्हा उघडत. त्यात अपमान वाटावा असं त्यांना काही दिसत नसे.

पुस्तकं बहुतेक प्राण्यांची, प्रवासाची. त्यातही आफ्रिकेची. सेरेंगेटीचं गवताळ रान, न्गोरोंगोरोचं विवर, झांझिबारच्या लवंगा, हे सगळं त्यांना इतकं माहीत होतं की दोंडाईच्याच्या रस्त्यापेक्षा अरुशाचा रस्ता त्यांनी जास्त नीट सांगितला असता. पण कुणी विचारलंच तर ते आधी म्हणत, "मला नक्की ठाऊक नाही. वाचलंय फक्त."

त्यांचं ऐकणारं माणूस एकच होतं, त्यांची बायको इचरजबाई. दुपारी ती भेंडी चिरायला बसली की ते तिला वाचून दाखवत. तिला सिंह आवडत नसत. सिंहाचं पान आलं की ती म्हणायची, "पुढं जा. त्याचं जेवण मला नको." एकदा त्यांनी जिराफ पाणी कसं पितो ते वाचून दाखवलं. मान एवढी लांब असूनही ती जमिनीपर्यंत पुरत नाही, म्हणून पुढचे पाय फाकवून, घाबरत घाबरत, इकडेतिकडे बघत तो वाकतो. इचरजबाईच्या हातातली सुरी थांबली. "एवढा उंच, आणि पाण्यासाठी एवढं वाकायचं," ती म्हणाली. "हे एकदा बघायला हवं."

तेव्हा ती पस्तिशीची असेल. नंतर हे बोलणं कितीदा निघालं आणि दर वेळी उत्तमचंद म्हणाले, "बघू."

नात रिद्धी पुण्यात नोकरीला लागली आणि तिनेच हा विषय हातात घेतला. आजीआजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. ती अक्षय तृतीयेला घरी आली होती. जेवताना म्हणाली, "दादासा, पार्टी वगैरे नको. तुम्ही आणि दादीसा माझ्याबरोबर आफ्रिकेला चला. आधी जंगल, मग झांझिबारचा समुद्र. प्लॅन तुम्ही करायचा. बाकीचं मी आणि पप्पा बघतो."

उत्तमचंदांचा घास हातातच राहिला. रिषभ हसला. "पप्पा, हो म्हणा की. दुकानात बसून आफ्रिका पाठ केलीत, आता तोंडी परीक्षा द्या."

"बघू," उत्तमचंद म्हणाले. पण त्या दिवशी दुपारी ते झोपले नाहीत. जुना नकाशांचा मोठा ग्रंथ त्यांनी माळ्यावरून काढला, पुसला, आणि इचरजबाईंना हाक मारली.

पहिली अडचण महिन्यांची. वाइल्डबीस्ट नावाची लाखो हरणं नदीत उड्या टाकून पलीकडे जातात ते दृश्य पाहायचं तर जुलै ते सप्टेंबर. म्हणजे चौमासा. चौमासात साधू-साध्वी एका गावी मुक्काम करतात आणि इचरजबाईही त्या दिवसांत गावाबाहेर पाऊल टाकत नसत.

"चौमासा सोडून नदी ओलांडायला त्यांना काय होतं?" त्या म्हणाल्या.

"त्यांना कोण सांगणार?"

"मग दुसरं काही बघू."

उत्तमचंद थोडे अडखळत म्हणाले, "फेब्रुवारीत त्यांची पिल्लं जन्मतात. सगळ्या कळपांची एकाच सुमारास. पिल्लू जन्मल्यावर थोड्याच वेळात उभं राहून आईमागे पळतं. असं लिहिलंय."

"मग तेच बरं की! बुडणारे कशाला बघायचे? जन्मणारे बघू."

महिना ठरला. मग जेवण. इचरजबाईंचा चौविहार असे, सूर्य मावळला की अन्न नाही, पाणीही नाही. जंगलातली गाडी संध्याकाळी उशिरा परतते. यावर उत्तमचंदांकडे उत्तर तयार होतं, आणि ते देताना त्यांचा चेहरा उजळला. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर जवळपास एकाच वेळी मावळतो. तेव्हा घड्याळ बघून डबा गाडीतच उघडायचा. खाकरे, पुऱ्या, मेथीची दशमी, सुकी चटणी. कांदा-लसूण नाही, कंदमूळ नाही, कुणाला काही विचारायला नको.

"हे मात्र तुम्ही छान काढलंत," इचरजबाई म्हणाल्या. पन्नास वर्षांत असं त्या फार वेळा म्हणाल्या नव्हत्या.

मग रंग. तिथे एक चावरी माशी असते, ती निळ्या आणि काळ्या कपड्यांवर येते, असं त्यांनी वाचलं होतं. इचरजबाईंनी कपाट उघडलं. निळ्या साड्यांची चळत.

"निळा मला शोभतो म्हणून जन्मभर तुम्हीच निळं आणलंत," त्या म्हणाल्या. "आता माशीला शोभतो म्हणून काढून टाकू?"

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः दुकानात आल्या आणि रिषभकडून बदामी रंगाची एक सुती साडी काढून घेतली. उत्तमचंदांसाठी त्यांनी खाकी ड्रिलचं थान उलगडायला लावलं. चंदन टेलर माप घ्यायला आला तेव्हा शेठ ओशाळून उभे होते. चंदनने विचारलं, "शेठजी, खिसे किती?" उत्तमचंदांनी इचरजबाईंकडे पाहिलं. "चार कर," त्या म्हणाल्या. "एकात चष्मा, एकात रुमाल, एकात खाकरा. चौथ्यात ते त्यांचं 'बघू' ठेवतील."

ही बातमी बाजारात पसरायला वेळ लागला नाही. कळसाडीचा हेमराज, ज्याच्या घरची लग्नाची सगळी खरेदी पिढ्यान्‌पिढ्या याच दुकानातून होत आली होती, कापूस विकून येताना गादीवर टेकला.

"काय शेठ, आफ्रिकाले जाई ऱ्हायना म्हणे? सिंह दखाले?"

"आजून काही पक्कं नही, हेमराजभाऊ."

"इतला दूर कसाले जास? मन्हा उसमा बिबट्यानी मादी शे, पिल्लासोबत. ती दख ना, फुकट. वर चहा भी पाजसू."

रिषभ हसला, हेमराज हसला. उत्तमचंदही हसले. पण हेमराज गेल्यावर त्यांच्या मनात आलं, खरंच, इतक्या लांब कशाला? हेमराजच्या उसातली बिबट्याची मादीसुद्धा आपण कधी पाहिली नाही. तिथे जाऊन आपल्याला काय दिसणार? पुस्तकातली आफ्रिका त्यांची होती. तिथे त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. खऱ्या आफ्रिकेत गाडी थांबेल, सगळे 'ते बघा' म्हणतील, आणि आपल्याला काहीच वाटलं नाही तर? आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते समोर उभं, आणि आपण कोरडे. ही भीती त्यांनी कुणालाही सांगितली नाही. सांगितली असती तरी कुणाला कळली असती की नाही, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

सांगता येईल अशी भीती लवकरच मिळाली. आफ्रिकेतल्या त्या देशांत जाण्याआधी पीतज्वराची लस घ्यावी लागते, आणि साठीच्या पुढच्या माणसांना ती देताना डॉक्टर विचार करतात. उत्तमचंदांनी हे वाचलं, मग गावातल्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "घेता येते. बहुतेकांना काही होत नाही. पण तब्येत तपासून ठरवू." दुसऱ्या कुणी यातलं 'घेता येते' घरी आणलं असतं. उत्तमचंदांनी 'बहुतेकांना' आणलं. इचरजबाईंना दोन वर्षांपूर्वी न्यूमोनिया झाला होता. त्या दवाखान्यातल्या खाटेवर कशा दिसत होत्या ते त्यांना आठवत राहिलं.

रिद्धीचा फोन आला की ते म्हणत, "थोडं थांब. पाऊसपाणी होऊ दे."

चौमासा बसला. त्या वर्षी शहाद्याच्या जैन स्थानकात, साधू-साध्वींच्या उतरण्याच्या वास्तूत, एका साध्वींचा, महासतीजींचा, मुक्काम होता. वयाने फार नव्हत्या, पण समजावून सांगण्याची हातोटी होती. पर्युषणाच्या आधी त्यांनी श्रावकांच्या, म्हणजे संसारी जैनांच्या, बारा व्रतांवर व्याख्यानं दिली. सहावं व्रत दिशांचं. "माणूस जिथे जातो तिथे त्याच्या हातून काही ना काही हिंसा होतेच," महासतीजी म्हणाल्या. "म्हणून आपणच आपल्याला कुंपण घालून घ्यायचं. पूर्वेला इथपर्यंत, पश्चिमेला इथपर्यंत. त्यापलीकडे या जन्मी पाऊल टाकणार नाही. कुंपण कुठे घालायचं ते तुम्ही ठरवा. पण विचार करून घाला, कारण हे व्रत आयुष्यभराचं आहे."

इचरजबाईंनी बाराच्या बारा व्रतं घ्यायचं ठरवलं. हे त्यांच्या मनात कितीतरी वर्षं होतं. त्या रविवारी सकाळी, स्थानकात जायची तयारी करताना, त्या दारात थांबल्या. उत्तमचंद पायात चपला घालत होते.

"ऐकलंत का. सहाव्या व्रताला मी काय सांगू? आफ्रिका उघडी ठेवू का?"

"ठेवता येते?"

"येते ना. आधीच सांगितलं की त्याला आगार म्हणतात. सूट. तुम्ही म्हणत असाल तर ठेवते. नाहीतर भारताबाहेर नाही असं सांगून मोकळी होते. मला मधलं काही नको."

उत्तमचंदांना लस आठवली, खाट आठवली. 'हो' म्हटलं आणि हिला काही झालं तर? 'नाही' म्हटलं तर तो जिराफ. त्यांनी चपलेचा पट्टा पुन्हा सारखा केला.

"बघू," ते म्हणाले. "तिथे गेल्यावर बघू."

इचरजबाईंनी उंबरा ओलांडला. "बरं. तुम्ही पुरुषांच्या बाजूला पुढं बसा. माझी वेळ आली की मी बघेन तुमच्याकडे. नुसती मान हलवा. बोलायचं पण नाही तुम्हाला."

स्थानक भरलं होतं. साध्वीजी माईक वापरत नाहीत, त्यामुळे सभा एकदम शांत होती आणि प्रत्येकाचं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होतं. एकेक जण उभा राहून आपली सीमा सांगत होता. एका आजींनी महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान सांगितलं आणि सगळीकडून 'धन्य धन्य' झालं. एकाने मुलगा तिकडे असल्याने अमेरिका उघडी ठेवली. मग एका तरुण व्यापाऱ्याने दुबई उघडी ठेवण्याची विनंती केली. मागून कुणीतरी म्हणालं, "सोनं तिथलंच ना!" आणि सभा हसली. महासतीजींच्या मुखपट्टीवरचे डोळेसुद्धा हसले. तो व्यापारीही हसला आणि खाली बसला.

उत्तमचंदांची कानशिलं गरम झाली. दुबईला हसतात, तर आफ्रिकेला काय होईल? आणि तीही कशासाठी, तर वन्य प्राणी बघायला, समुद्रात पाय बुडवायला. सत्तरी ओलांडलेला माणूस. उद्या हेमराजपासून चंदन टेलरपर्यंत सगळे विचारतील, आणि रिद्धीची तिकिटं झाली नाहीत, डॉक्टर नको म्हणाले, तर वर त्याचंही उत्तर द्यावं लागेल.

इचरजबाई उभ्या राहिल्या. दिशांचं व्रत आलं. त्यांनी मान वळवून पुरुषांच्या बाजूला पाहिलं.

उत्तमचंदांनी चष्मा काढला आणि तो धोतराच्या सोग्याने पुसायला लागले.

त्यांना कळत होतं की काच स्वच्छ आहे. एक काच पुसून झाली, दुसरी पुसून झाली. सभा थांबली होती. मग इचरजबाईंचा आवाज आला, नेहमीसारखा स्वच्छ. "भारताबाहेर नाही, महाराजसाहेब. कुठल्याच दिशेला नाही. जन्मभर."

'धन्य धन्य' झालं. महासतीजींनी पच्चक्खाण, म्हणजे व्रताची प्रतिज्ञा, दिलं. उत्तमचंदांनी चष्मा डोळ्यांवर ठेवला तोवर इचरजबाई हात जोडून खाली वाकल्या होत्या.

घरी येताना त्या दोन पावलं पुढे चालत होत्या. "झालं," त्या म्हणाल्या. "मोकळं वाटलं." बाकी काही बोलल्या नाहीत. वाटेत भाजीवालीकडून त्यांनी दोडके घेतले.

संध्याकाळी रिद्धीचा फोन आला. रिषभने तिला सांगितलं. फोन स्पीकरवर होता.

"म्हणजे? दादीसा आता कधीच बाहेर जाऊ शकणार नाहीत?"

"भारताच्या बाहेर नाही," रिषभ म्हणाला.

"पण दादासा, तुम्ही तिथेच बसला होतात ना?"

उत्तमचंदांनी रिषभकडे पाहिलं. रिषभने फोनचा आवाज कमी केला.

पुढचे काही दिवस ते पुस्तक उघडत आणि एकाच पानावर बसून राहत. पर्युषण पार पडलं. मग एका दुपारी, स्थानकात गर्दी नसते अशा वेळी, ते महासतीजींकडे गेले. दूर, दाराजवळ बसले. बराच वेळ त्यांनी दुसऱ्यांच्या शंका ऐकल्या. शेवटी महासतीजींनीच विचारलं, "श्रावकजी, काही विचारायचंय?"

"व्रत घेतल्यावर…" उत्तमचंद म्हणाले, "म्हणजे मी नाही, माझ्या घरातून घेतलंय… नंतर आगार ठेवता येतो का?"

"कुंपण नंतर लहान करता येतं," महासतीजी म्हणाल्या. "मोठं करता येत नाही. तोच दोष मानलाय." मग अगदी साध्या स्वरात, "पण त्या दिवशी तुम्ही इथेच होतात ना?"

"हो," उत्तमचंद म्हणाले.

त्यांनी वंदन केलं, निरोपाचा मांगलिक पाठ ऐकला आणि बाहेर आले. चपला सापडायला त्यांना वेळ लागला.

इचरजबाईंनी मात्र विषय संपवला नव्हता. "व्रत माझं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुणी अडवलंय? तुम्ही जा रिद्धीबरोबर. जिराफ पाणी कसं पितो ते येऊन मला सांगा. नाहीतरी आजवर तुम्हीच सांगत आलात."

"नाही," उत्तमचंद म्हणाले.

इचरजबाईंनी वर पाहिलं. असं सरळ 'नाही' त्यांनी या माणसाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "जी वेळ 'हो' म्हणायची ती गेली आणि आता तुम्हाला बोलता येतंय," त्या म्हणाल्या आणि पोळी लाटायला वळल्या.

रिद्धी हट्टी होती. तिने फेब्रुवारीची सुट्टी मागे घेतली नाही. "जंगल आणि समुद्र, दोन्ही कुंपणाच्या आतले," ती फोनवर म्हणाली. गीरचे सिंह आणि तिथून जवळ दीवचा समुद्र. शिवून ठेवलेला खाकी पोशाख बाहेर आला, बदामी साडी बाहेर आली. हेमराज दुकानात आला तेव्हा म्हणाला, "मंग शेठ, आफ्रिका गुजरातमा उनी का?" रिषभने त्याला डोळ्यांनी गप्प केलं. हेमराजला काही कळलं नाही, पण तो गप्प बसला, आणि जाताना उगाचच एक पंचा विकत घेऊन गेला.

नंदुरबारहून रेल्वेने सुरत, तिथून पुढे. गीरच्या जंगलात पहाटेची थंडी होती. उघड्या जीपमध्ये उत्तमचंद खाकी पोशाखात, कानाला मफलर गुंडाळून बसले. साग वाळलेले, पानं गळालेली, जमीन पिवळी. तोरणमाळच्या घाटात असावं तसंच. एका वळणावर जीप थांबली. सागाच्या वाळक्या पानांत एक सिंहीण झोपली होती. रिद्धीने कुजबुजत "दादासा!" म्हटलं. इचरजबाईंनी आधी पदर डोळ्यांवर घेतला, मग ती झोपलीच आहे हे बघून खाली केला.

सिंहिणीने जांभई दिली, कूस बदलली आणि पुन्हा झोपली. तिच्या पोटावरची कातडी श्वासाबरोबर वरखाली होत होती. उत्तमचंदांनी जीपची दांडी घट्ट धरली. डोळ्यांत पाणी आलं. ते कोरडे राहिले नव्हते. ज्या भीतीने त्यांनी इतकी वर्षं काढली ती खोटी होती, आणि हे कळायला एका झोपलेल्या सिंहिणीची एक जांभई पुरली.

"काय झालं?" इचरजबाईंनी विचारलं.

"थंडी आहे," ते म्हणाले.

दीवला पोचले तेव्हा दुपार कलली होती. किनाऱ्याजवळ ताडासारखी झाडं होती, पण त्यांच्या खोडाला फाटे फुटले होते. ताडाला कधी फाटा नसतो. इचरजबाई थांबून बघत राहिल्या.

"यांना होका म्हणतात," उत्तमचंद म्हणाले. "पूर्वी कुणीतरी आफ्रिकेतून आणली असं सांगतात. मला नक्की ठाऊक नाही."

"म्हणजे ती आली," इचरजबाई म्हणाल्या. "बरं झालं."

जेवायचं कुठे, यावर थोडा घोळ झाला. एका ठिकाणी शुद्ध शाकाहारी लिहिलं होतं, पण शेजारीच दारूचं दुकान. दुसरीकडे गर्दी. रिद्धी म्हणाली, "दादीसा, डब्यातलंच खा ना वाळूवर बसून." उत्तमचंद म्हणाले, "बघू, पुढे एखादं बरं असेल." ते पुढे गेले, मागे आले. रिद्धी नारळपाणी बघायला गेली. शेवटी दोघं वाळूवर एका जुन्या होडीच्या सावलीला बसले. उत्तमचंदांनी डबा मांडीवर घेतला, पण पाणी दिसल्यावर इचरजबाई थांबल्या नाहीत. साडी घोट्याच्या वर धरून त्या लाटेत जाऊन उभ्या राहिल्या.

समुद्र त्यांनी पूर्वी पाहिला होता, नातेवाइकांच्या लग्नाला गेल्या तेव्हा. पण त्या दिवशी अंगावर भारी साडी होती आणि पाय भिजवायचे राहून गेले होते.

"इथून किती पुढं भारत आहे?" त्यांनी पाण्यातून विचारलं.

"बारा सागरी मैल," उत्तमचंद म्हणाले. या वेळी त्यांना नक्की ठाऊक होतं.

"मग घोट्यापर्यंत चालेल." त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. पाण्यातही जीव असतात, हे त्यांना विसरता येत नव्हतं. "याचं प्रायश्चित्त घेईन," असं म्हणून त्या परत आल्या आणि शेजारी बसल्या. पायांना वाळू चिकटली होती.

"त्या दिवशी मी तुमच्याकडे बघितलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुम्ही 'नाही' म्हणाला असतात तर मी रागावले असते. 'हो' म्हणाला असतात तर उघडी ठेवली असती. तुम्ही चष्मा पुसत बसलात. मला वाटलं, यांना जायचं नाहीये आणि तोंडाने सांगता येत नाहीये. मीच दार लावून घेते, म्हणजे यांची सुटका होईल."

उत्तमचंदांनी डब्याच्या झाकणावरून बोट फिरवलं. लाट आली, गेली.

"मला जायचं होतं," ते म्हणाले.

इचरजबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. रागावल्या नाहीत. "अरे देवा," त्या हळूच म्हणाल्या. "मला सांगायचं नाही का हो?"

समोर पाणी पसरलं होतं आणि उजव्या हाताला सूर्य क्षितिजाला टेकला होता. मग इचरजबाईंनी विचारलं, "समोर आफ्रिका का?"

"नाही. समोर दक्षिण. समोर नुसतं पाणी आहे, फार लांबवर." त्यांनी हात थोडा उजवीकडे नेला. "आफ्रिका तिकडे. सूर्याच्या जरा डावीकडे. झांझिबार त्याच रेषेत येईल. अंदाजे."

इचरजबाईंनी वाळूतच बसल्या जागी अंग वळवलं आणि त्या बोटाच्या रेषेत बघत राहिल्या. उत्तमचंदही वळले. दोघांच्या सावल्या मागे वाळूवर लांब पडल्या आणि मग पुसट झाल्या. सूर्य गेला.

मग उत्तमचंदांना मांडीवरचा डबा आठवला. त्यांनी खाली पाहिलं. खाकरे, दशमी, चटणी, सगळं सकाळी बांधलं तसंच होतं. इचरजबाईंनी दुपारपासून काही खाल्लं नव्हतं, आणि आता उद्या सूर्य उगवून वर येईपर्यंत पाणीसुद्धा नाही.

"मी… आपण आधीच बसलो असतो तर…"

"राहू दे." त्यांनी डबा त्यांच्या हातातून घेतला, झाकण दाबून बसवलं आणि पिशवीत ठेवला. मग पुन्हा त्याच दिशेला बघत म्हणाल्या, "तिथे किती वाजले असतील आत्ता?"

उत्तमचंदांनी मनात हिशेब केला. तिथलं घड्याळ अडीच तास मागे. "चार," ते म्हणाले. "चार वाजून गेले असतील."

"म्हणजे तिथे अजून ऊन आहे."

"हो."

"तिथे असते तर जेवले असते," इचरजबाई म्हणाल्या, आणि पायाची वाळू झटकत उठायला त्यांनी हात पुढे केला.